पट्टदकल शेवटी ठेवा: सोलापूरहून बदामी, ऐहोळे, पट्टदकल

सोलापूरकरांचा बदामीचा कार्यक्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. पहाटे गाडी काढायची, बनशंकरीचं दर्शन घ्यायचं, दुपारी लेणी, मग जाता जाता पट्टदकल, जमलं तर ऐहोळे, आणि रात्री मुक्कामाला हंपीकडे. यात पट्टदकलच्या वाट्याला पाऊण तास येतो, तोही भर उन्हातला, पोट भरल्यानंतरचा. दहा देवळांचा समूह, दगड सगळीकडे तोच तांबूस, आणि डोळे आधीच लेण्यांनी थकलेले. ‘सगळी देवळं सारखीच’ म्हणत माणसं फाटकाबाहेर पडतात आणि शहाळ्याच्या गाड्याकडे वळतात.

खरं तर भारतात एकाच कुंपणाच्या आत उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शैलीची शिखरं शेजारी शेजारी उभी दिसणाऱ्या जागा फार नाहीत. पट्टदकलला ती काही पावलांच्या अंतरावर आहेत. ते दिसायला हवं असेल तर दोन गोष्टी पाळायच्या: पट्टदकल शेवटी बघायचं, आणि सकाळी बघायचं. बाकीची आखणी या दोन गोष्टींभोवती होते.

आधी जायचं कसं. होटगीला फुटून इंडी, विजयपूर, अलमट्टी, बागलकोट, बदामी करत गदगकडे जाणारी रेल्वेलाईन आपल्या दारातून जाते. पंढरपूर-म्हैसूर गोलगुंबज एक्स्प्रेस याच मार्गाची. गाड्या मोजक्याच आहेत आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे जाण्याआधी परतीची गाडी बघा आणि त्यावरून जायचा दिवस ठरवा. बदामी स्टेशन गावापासून पाच किलोमीटरवर आहे. गाडी आली की रिक्षा-टमटम मिळतात, पण दहा मिनिटांत सगळ्या भरून निघून जातात. नंतर उतरलेल्याला मुख्य रस्त्यावर येऊन बस धरावी लागते. म्हणून स्टेशनात चहा पिऊ नका, तो गावात प्या.

रस्त्याने जाणाऱ्यांना टाकळीला भीमा ओलांडली की झळकी, होर्तीवरून विजयपूर. सोलापूर-विजयपूर शंभर किलोमीटर, रस्ता चौपदरी. पुढे कोल्हारला कृष्णेवरचा लांब पूल लागतो. कोल्हारचं मडक्यातलं दही प्रसिद्ध आहे. थांबायचंच असेल तर तिथे थांबा. बागलकोटनंतर गुळेदगुड्डवरून बदामीला जाता येतं. खणाच्या चोळीचा खण विणणारं हे गाव. मागाचा आवाज ओळखणाऱ्या सोलापूरकराला तिथल्या बोळात अर्धा तास सहज जाईल. न थांबता सोलापूर ते बदामी पाच तास धरा.

आता आखणी. तीन दिवस द्या, म्हणजे दोन रात्री बदामीत. पहिला दिवस प्रवास, आणि दुपारनंतर बदामीची लेणी. दुसरा दिवस ऐहोळे, येताना महाकूट. तिसऱ्या दिवशी उजाडताच पट्टदकल आणि दुपारी परत. तीन दिवस जमत नसतील तर एक रात्र करा, पण तेव्हाही पट्टदकल सकाळचंच ठेवा आणि ऐहोळे त्याच दिवशी दुपारी उरका. क्रम उलटा होतो, पण दुपारच्या पट्टदकलपेक्षा बरा. एका दिवसात तिन्ही बघायचं असेल तर ऐहोळे सरळ सोडा. अंतरं फार नाहीत: बदामी ते पट्टदकल बावीस-तेवीस किलोमीटर, तिथून ऐहोळे चौदाच्या आसपास. पण अंतरावरून वेळ मोजलात की फसलात, कारण वेळ रस्त्यात जात नाही, देवळात जातो.

बदामीची लेणी दुपारी चारनंतर का, तर सकाळी तो कडा सावलीत असतो. दुपार उतरली की प्रकाश आत शिरतो आणि दगड पेटल्यासारखा लाल होतो. चार लेणी आहेत, एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्यांवर. पहिल्या लेण्याच्या दाराशीच अठरा हातांचा नटराज आहे. गाइड सांगतील की एका बाजूचा कुठलाही हात दुसऱ्या बाजूच्या कुठल्याही हाताशी जोडा, एक्क्याऐंशी मुद्रा होतात. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. गणित बरोबर आहे, शिल्पकाराने ते केलं होतं का हे त्यालाच ठाऊक. दुसरं आणि तिसरं लेणं विष्णूचं, चौथं जैन. वेळ कमी असेल तर तो तिसऱ्याला द्या. तिथे शके ५०० म्हणजे इ. स. ५७८ मधल्या कार्तिक पौर्णिमेचा शिलालेख आहे. चालुक्य राजा कीर्तिवर्मा राज्यावर असताना त्याचा भाऊ मंगलेश याने हे लेणं करवलं. लेण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांना सहसा शैलीवरून अंदाज बांधावा लागतो; इथे तारीखच मिळते, त्यामुळे बाकीच्यांचा काळ ठरवताना याचा आधार घेतात. शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू, वराह, नरसिंह, हरिहर, त्रिविक्रम, सगळे पुरुषभर उंचीच्या वर. जवळ गेलात की दगडातले जांभळे-पांढरे पट्टे खांबांवरून आणि मूर्तींवरून आडवे गेलेले दिसतात. हा वालुकाश्म थरांनी बनलेला आहे, आणि कोरणाऱ्याने थराची पर्वा न करता आकृती काढली आहे.

माकडं हा इथला खरा त्रास. पिशवी, पाण्याची बाटली, केळी, चष्मा यांपैकी हातात काही दिसता कामा नये. प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळली की ती येतातच. पाठीवरची सॅक पोटावर घ्या आणि खायचं काहीही खालीच ठेवा.

लेणी झाली की अगस्त्य तीर्थाच्या काठाने तळ्याच्या पूर्व टोकाला भूतनाथाच्या देवळाकडे चाला. तिथला उजेड सूर्यास्तापर्यंत टिकतो. उत्तरेच्या टेकडीवरची शिवालयं आणि वस्तुसंग्रहालय त्याच बाजूला आहेत, पण टेकडी संध्याकाळी लवकर बंद करतात, म्हणून ती हवी असेल तर लेण्यांच्या आधी करा. या टेकडीवर पहिल्या पुलकेशीचा शके ४६५ म्हणजे इ. स. ५४३ चा लेख खडकात आहे: किल्ला बांधल्याचा. चालुक्यांची गोष्ट तिथून सुरू होते.

दुसरा दिवस ऐहोळे. लहानमोठी मिळून शंभरावर देवळं या गावात आणि आसपास विखुरलेली आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. चार ठिकाणं नीट बघा: मेगुती, दुर्ग देऊळ, लाडखान आणि रावणफडी.

सकाळी ऊन चढायच्या आत मेगुतीच्या टेकडीवर जा. वाटेत दोन मजली बौद्ध लेणं लागतं. वर सपाटीवर जैन देऊळ आहे, दिसायला ओबडधोबड, शिखर जवळजवळ नाहीच. पण त्याच्या पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीवरची एक शिळा मराठी माणसाने बघायलाच हवी अशी आहे. रविकीर्ती नावाच्या कवीचा संस्कृत लेख, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातला, शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५ चा. कालगणना तो भारतयुद्धापासूनही देतो: ३७३५ वर्षं झाली म्हणतो. कालिदास आणि भारवी यांची नावं घेऊन स्वतःला त्यांच्या पंक्तीत बसवतो. आणि पुलकेशीची सत्ता सांगताना नव्याण्णव हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेख करतो. अक्षरं जुन्या कानडी वळणाची आहेत. वाचता येणार नाहीत, पण सकाळच्या तिरप्या उन्हात रेघा स्पष्ट दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तीच शिळा कोरी वाटते.

दुर्ग देऊळ म्हणजे ऐहोळ्याच्या सगळ्या फोटोंतलं ते मागून गोल असलेलं देऊळ. नाव दुर्गेवरून आलेलं नाही. गडाच्या तटाशी होतं म्हणून दुर्ग. बाहेरून खांबांची ओवरी आहे आणि तिच्यातून प्रदक्षिणा घालता येते. प्रदक्षिणा घालताना भिंतीतल्या कोनाड्यांत एकेक मूर्ती समोर येते: नंदीला टेकलेला शिव, नरसिंह, गरुडावरचा विष्णू, वराह, महिषासुरमर्दिनी, हरिहर. घाईने फिरणारा माणूस ओवरीतून खांब बघत जातो आणि भिंत त्याच्या पाठीला राहते. शिखराचा वरचा आमलक पडलेला आहे आणि शेजारीच जमिनीवर ठेवला आहे. त्याच्याजवळ उभे राहा. खालून वर बघताना हा आवळ्यासारखा खाचांचा दगड तळहाताएवढा वाटतो. जमिनीवर बघितलं की केवढा धोंडा वर चढवला होता ते कळतं. उद्या पट्टदकलला शिखरं बघताना हे माप डोळ्यांत असलं पाहिजे.

लाडखान देवळाच्या छपरावर नजर टाका. दगडी फरशांच्या सांध्यांवर लांब दगडी पट्ट्या ठेवल्या आहेत, लाकडी छपरावर वासे घालावेत तशा. पाणी सांध्यातून झिरपू नये म्हणून ही सोय. लाकूडकाम जाणणाऱ्या हातांनी दगड घेतला तेव्हा सुरुवातीला त्यांनी लाकूड जसं बांधतात तसंच बांधलं, ते इथे दिसतं. रावणफडी गावाच्या ईशान्येला थोडी बाहेर; लेणं छोटं आहे, पण आतला सप्तमातृकांबरोबर नाचणारा शिव बघायला तेवढी चाल करायलाच हवी.

दुपारचं जेवण ऐहोळ्यात फारसं मिळत नाही. आपण सोलापूरचे, त्यामुळे याचा विचार घरूनच करून निघावं: कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. तीन दिवस काही होत नाही. दही तिकडे मिळतं. बदामीत मात्र खानावळी चांगल्या आहेत, भाकरी आपल्यासारखीच ज्वारीची, सोबत वांग्याची एण्णगाई. बनशंकरीला देवळाबाहेर डोक्यावर बुट्टी घेतलेल्या बायका भाकरी, लाल चटणी आणि दही विकतात. ‘अक्का, एरडु रोट्टी’ (ताई, दोन भाकरी) एवढं म्हटलं तरी पुरतं. सोलापुरात अर्ध्या गल्ल्यांत कानडी कानावर पडलेली असते. ती इथे वापरायला लाजू नका, रिक्षाचे दरही मग माणसासारखे निघतात.

परतताना महाकूट करा. बदामी-पट्टदकल रस्त्यावरून आत वळावं लागतं. झऱ्याच्या पाण्याचं पुष्करणी तळं आहे, पोरं उड्या मारत असतात, पाण्यात छोट्या मंडपात चतुर्मुख लिंग. देऊळ चालतं आहे, पूजा सुरू असते. इथला मंगलेशाचा स्तंभ आता विजयपूरला गोलघुमटाच्या संग्रहालयात आहे, तो परतीच्या वाटेवर बघता येईल.

आणि आता पट्टदकल.

पहिलं म्हणजे वेळ. उजाडल्यावर उघडतं, मावळताना बंद होतं. तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ५ कमी. बदामीची लेणी आणि ऐहोळ्याला २५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून तो आणूच नका. बदामीहून बस आहे पण पहिली बस धरूनही उशीर होतो. आदल्या रात्री रिक्षा ठरवून साडेपाचला निघा, आणि थांबायचे तास धरून दर ठरवा. ‘जाऊन येऊन’ एवढंच ठरवलं तर रिक्षावाला तासाभरात हॉर्न वाजवायला लागतो. सव्वासहा ते दहा, एवढा वेळ या समूहाला लागतो.

मलप्रभा नदी एरवी पूर्वेकडे वाहते. इथे ती थोडा वेळ उत्तरेला वळते. उत्तरवाहिनी म्हणून जागा पवित्र. चालुक्यांचे राज्याभिषेक इथे होत. युनेस्कोच्या यादीत हा समूह १९८७ मध्ये आला. नऊ शिवाची देवळं आणि एक जैन.

फाटकातून आत गेलात की समोर हिरवळ, आणि दूरवर विरूपाक्षाचं शिखर खुणावत असतं. सगळे थेट तिकडे जातात. तुम्ही जाऊ नका. डावी-उजवीकडची दोन छोटी देवळं आधी बघा: काडसिद्धेश्वर आणि जंबुलिंग. वीस मिनिटं द्या. ही बाराखडी आहे. जोतं, त्यावर भिंत, भिंतीत प्रत्येक बाजूला एकच कोनाडा, वर आत वळत जाणारं शिखर, शिखराच्या पुढच्या बाजूला पुढे आलेली शुकनास. जंबुलिंगाच्या शुकनासेवर नाचणारा शिव आहे. कोनाड्यांत काडसिद्धेश्वराला उत्तरेला अर्धनारीश्वर, पश्चिमेला हरिहर, दक्षिणेला लकुलीश, म्हणजे हातात दंड घेतलेला शिवाचा अवतार; जंबुलिंगाला उत्तरेला विष्णू, पश्चिमेला सूर्य, दक्षिणेला पुन्हा लकुलीश. शिल्पं झिजलेली आहेत, पण कुठे काय शोधायचं हे माहीत असलं की सापडतात.

हे शिखर नीट बघा: चारी बाजूंच्या उभ्या रेषा पायापासून वरपर्यंत न तुटता वर वर एकत्र येत जातात, आणि वर आमलक. ही उत्तरेची, नागर पद्धत. पुढे गळगनाथ याच पद्धतीचं, मोठं आणि रेखीव. त्याचा मंडप बराच गेलेला आहे, पण दक्षिण बाजूला अंधकासुराला मारणारा आठ हातांचा शिव शिल्लक आहे. त्रिशूळ आत शिरताना असुराचं शरीर कसं लवलं आहे ते बघा. शेजारचं चंद्रशेखर बिनशिखराचं आणि साधं, ते ओलांडून पुढे चला.

त्यानंतर येतं संगमेश्वर, आणि इथे चित्र बदलतं. शिखर रेषांनी चढत नाही, मजल्यांनी चढतं. एक मजला, त्यावर थोडा आत घेतलेला दुसरा, प्रत्येक मजल्याच्या कडेला छोट्या छोट्या देवळांच्या प्रतिकृतींची रांग, आणि सगळ्यात वर घुमटीसारखा माथा. ही दक्षिणेची, द्राविड पद्धत. विजयादित्याने (राज्यकाल ६९६ ते ७३३) हे करवलं, मूळ नाव विजयेश्वर. काम पुरं झालं नाही. काही कोनाड्यांत नुसती आखणी आहे. अर्धवट कामावरून उलट जास्त शिकता येतं, कारण आधी चौकट, मग ढोबळ आकार, मग बारीक काम हे टप्पे त्यात उघडे पडतात. गळगनाथ आणि संगमेश्वर यांच्या मधल्या जागेत उभे राहा. एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला मजले. पट्टदकल म्हणजे काय, ते या जागेवर कळतं. काशीविश्वनाथ पुन्हा नागर आहे, मल्लिकार्जुनाला खेटून. जाळीसारख्या नक्षीने मढवलेलं त्याचं शिखर जंबुलिंगाच्या साध्या शिखराशी मनात ताडून बघा.

मल्लिकार्जुन आणि विरूपाक्ष ही जुळी वाटतात. दुसऱ्या विक्रमादित्याच्या दोन राण्यांनी ती करवली, आणि त्या सख्ख्या बहिणी होत्या. थोरल्या लोकमहादेवीचं लोकेश्वर म्हणजे आजचं विरूपाक्ष, धाकट्या त्रैलोक्यमहादेवीचं त्रैलोकेश्वर म्हणजे मल्लिकार्जुन. निमित्त कांचीवरचा विजय. इथे थोडं मागे जायला हवं. ६४२ मध्ये कांचीच्या पल्लवांच्या नरसिंहवर्म्याने बदामी घेतली होती. पुढे शतकभरात विक्रमादित्याने कांची घेतली, पण तिथल्या कैलासनाथाला हात लावला नाही. उलट देवळाचं सोनं देवळाला परत दिल्याचा त्याचा कानडी लेख तिथल्याच खांबावर आहे. आणि इकडे राणीने ७४० च्या सुमारास बांधलेल्या देवळावर त्याच कैलासनाथाची छाप आहे. इथून धागा वेरूळला जातो: राष्ट्रकूट कृष्णाने करवलेल्या कैलास लेण्याशी विरूपाक्षाचं साम्य वेरूळ बघितलेल्या कुणालाही चटकन जाणवेल. नंदीमंडप वेगळा, मग मुख्य मंडप, मागे मजल्यांचं शिखर.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण माथ्यावर आहे: विरूपाक्षाचा माथा चौकोनी, मल्लिकार्जुनाचा गोल.

विरूपाक्षाला पाऊण तासापेक्षा कमी देऊ नका. पूजा चालू असलेलं इथलं हे देऊळ, चपला बाहेर. सकाळी यायचं दुसरं कारण इथे: दार पूर्वेला आहे, सूर्य वर येताना उजेड मंडपात आत शिरतो. शिवाय सकाळी दगड थंड असतो. मार्चनंतर दहा वाजता फरशीवर अनवाणी चालवत नाही. मोजे घालून आत जाता येतं, जवळ ठेवा. मुखमंडपात वर बघा, छतावर रथातला सूर्य आहे. मग आतले खांब. प्रत्येक खांबावर पट्टे आहेत, पट्ट्यांत रामायण-महाभारत. रावण सीतेला नेतोय आणि जटायू आडवा येतोय हा प्रसंग शोधा. चोचीने रथ अडवणारा पक्षी जेमतेम हातभर जागेत बसवला आहे. शरशय्येवरचा भीष्मही याच मंडपात.

आत टॉर्च हवाच, आणि तो कसा धरायचा हे महत्त्वाचं. मूर्तीवर समोरून उजेड टाकला की ती सपाट होते, फोटोत तर भुतासारखी पांढरी. टॉर्च हात लांब करून बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. दागिन्यांची घडण, बोटं, ओठांच्या कडा सावलीने उठून येतात. मोबाइलचा फ्लॅश वापरूच नका. दुसऱ्याच्या मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून आपण फोटो काढायचा. गर्भगृहाच्या आधी दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या आहेत, एकीत गणपती, दुसरीत महिषमर्दिनी. प्रदक्षिणेचा मार्ग अंधारा आहे. उजेड दगडी जाळ्यांतून येतो तेवढाच. त्या जाळ्या बाहेरून एकेक मोजून बघा, नक्षी सारखी नाही.

बाहेरच्या भिंतीवर लिंगोद्भव (लिंगातून प्रकटणारा शिव), कैलास उचलणारा रावण, अर्धनारीश्वर, त्रिविक्रम. कांची जिंकल्याचा उल्लेख आणि कारागिरांची नावंही लेखांत आहेत, आणि हे फार ठिकाणी मिळत नाही. गुंड अनिवारिताचारी हा मुख्य. त्याला त्रिभुवनाचारी ही पदवी दिल्याचं नोंदलं आहे. सर्वसिद्धी आचारीला ‘दक्षिण देशाचा सूत्रधार’ म्हटलं आहे. राणीने इथल्या गायकांना त्यांचे पूर्वीचे हक्क कायम केल्याचाही लेख आहे. राजाचं नाव लावायची पद्धत सगळीकडेच होती. गवंड्याला पदवी देऊन ती दगडात कोरायची ही गोष्ट गाइड लोक सहसा सांगत नाहीत, विचारून घ्या. समोरच्या मंडपातला काळ्या दगडाचा नंदी बाकीच्या तांबड्या परिसरात वेगळाच उठून दिसतो.

परिसरात ७५४ चा एक स्तंभ आहे, दुसऱ्या कीर्तिवर्म्याच्या काळातला. एकच मजकूर दोन लिप्यांत, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. शिखरांचं जे झालं तेच अक्षरांचं. यानंतर थोड्याच वर्षांत राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या वंशाने चालुक्यांना संपवलं आणि मोठी कामं वेरूळकडे सरकली.

पापनाथ थोडं दक्षिणेला, पायवाटेने. बरेच लोक तिथपर्यंत जातच नाहीत. ते मुद्दाम शेवटी. लांबच लांब देऊळ, शिखर नागर, भिंतीची मांडणी बरीचशी द्राविड. दोन पद्धती एकाच देवळावर आल्या तर कसं दिसेल, त्याचं उत्तर. आणि खरं सांगायचं तर ते पूर्ण जमलेलं नाही. शिखर एवढ्या लांब अंगाला तोकडं वाटतं. पण दक्षिण भिंतीवर रामायण ओळीने कोरलं आहे आणि आकृत्यांखाली नावं आहेत. उत्तरेला किरात-अर्जुन. जैन नारायण देऊळ बदामीच्या रस्त्यावर, वेगळ्या कुंपणात. ते राष्ट्रकूट काळातलं, परतताना रिक्षा थांबवून बघता येतं.

भिंतींना टेकू नका, हात फिरवू नका. हा वालुकाश्म पाणी पितो, सुकताना पापुद्रे सुटतात, आणि एकेका पापुद्र्याबरोबर नाक-डोळे जातात. कोपऱ्यांवर पांढरट, भुसभुशीत झालेले भाग दिसतील, तिथे नुसता खांदा लागला तरी वाळू गळते.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या मध्यापासून सोलापूरसारखंच ऊन असतं, म्हणजे समजून घ्या; माणशी दोन लिटर पाणी पट्टदकलला शिरतानाच हवं. पावसाळ्यात परिसर हिरवा दिसतो म्हणून लोक ऑगस्टमध्ये जातात. जा, पण वरच्या बाजूला सौंदत्तीजवळ नविलतीर्थ धरण आहे. तिथून पाणी सोडलं की मलप्रभा फुगते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी थेट देवळांत शिरलं होतं. विसर्गाची बातमी असेल तर दोन दिवस पुढे ढकला.

जानेवारीत आणखी एक अडचण. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकून लगेच निघणारे बरेच असतात, आणि तिकडे पौष पौर्णिमेला बनशंकरीचा रथ. कोष्टी समाजातली आणि बनशंकरी कुलदैवत असलेली घरं ठिकठिकाणाहून येतात. जत्रा बघायची असेल तर तिच्यासाठीच जा. देवळं बघायला जाणाऱ्याने पौर्णिमेच्या मागचेपुढचे दिवस टाळावेत. लॉज मिळत नाही, मिळाला तर दर वाढलेले, आणि बदामी-चोळचगुड्ड रस्त्यावर वाहनं हलत नाहीत.

वारही बघून घ्या. बदामी आणि ऐहोळ्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, विजयपूरचंही तसंच. शनिवारी सकाळी निघून सोमवारी दुपारी परत फिरलात तर तिन्ही मिळतात, आणि सोमवारी उजाडताना पट्टदकलला शाळांच्या सहलीही नसतात. ऐहोळ्याच्या दिवशी गाडी हाताशी असेल तर अमीनगड वाटेवर घ्या. करदंटू, म्हणजे डिंक आणि सुकामेव्याची मिठाई, तिथलाच घ्यावा, बागलकोट स्टँडवरचा नको. पाव किलोचे पुडे करून मागा, मोठा पुडा उन्हात गाडीत चिकटून एकच ढेप होते.